मोकळ्या जागेवरची एकेचाळीस घरं

एक किलो स्पंजात अकराशे झाडं होतात.

शेजारच्या शहराने कंपनीला विमानतळापासून मुख्यालयाच्या दारापर्यंत एकही सिग्नल न लागणारा रस्ता देऊ केला आहे. त्याच्या पलीकडच्या शहराने आपल्या मुख्य चौकाला कंपनीचं नाव देऊनसुद्धा टाकलं. कंपनीचा होकार अजून आलेला नाही, पण पाट्या लागल्या.

वन्सं शिंकताना टेबलाकडे पाठ करतात.

नगररचना खात्याच्या दप्तराला आग लागली तेव्हा नकाशे आधी जळाले. तक्रारअर्ज वाचले, कारण ते तळघरात ओले झालेले होते.

"येथील नागरिक मनमिळाऊ असून वर्षातील दोनशे ऐंशी दिवस आकाश निरभ्र असते." प्रस्ताव, पान तीन.

पोस्टमनला गल्ली माहीत आहे.

कंपनीची प्रश्नावली, प्रश्न १४. प्रस्तावित जागेवर सध्या काय आहे? (दोन शब्दांत लिहावे.)

मोकळी जागा.

*

रविवारी अकराच्या सुमाराला साहेब खोकं घेऊन वर्कशॉपमध्ये आले, तेव्हा वहिनी शहरावर पालथी पडलेली होती.

दुसरा इलाज नव्हता. टेबल बारा फूट बाय नऊ फूट, आणि नदीकाठची बाग बरोबर मधोमध. तिथवर हात पोचायचा तर दोन्ही बाजूंच्या स्टुलांवर फळी टाकायची, फळीवर पोटावर झोपायचं आणि चिमट्याने स्पंजचं एकेक झाड सरसात बुडवून लावायचं. लग्न होऊन ती या घरात आली त्याला बावीस वर्षं झाली, आणि त्यातली निम्मी तिने अशी इमारतींच्या वर तरंगत काढली होती. सासऱ्यांनी काढलेलं हे वर्कशॉप इमारतींची आणि शहरांची मॉडेलं बनवायचं. इथे कोणी कोणाला नावाने हाक मारत नसे. धाकट्या नणंदेची ती वहिनी, म्हणून सुतारांची वहिनी, रंगवाल्यांची वहिनी, आणि आता तर मोठ्या नणंदेचीसुद्धा वहिनीच.

"अहो, पाय पुसून या," ती वरूनच म्हणाली. "तुमच्या बुटाची धूळ म्हणजे माझ्या शहरात वादळ."

साहेबांनी पाय पुसले. साहेब हे त्यांचं घरातलं नाव. घराण्यात पहिली सरकारी नोकरी त्यांना लागली, त्या दिवशी मोठ्या बहिणीने कुचेष्टेने ठेवलेलं. मग ते महापालिकेत चढत चढत खरेच साहेब झाले आणि कुचेष्टा वाया गेली. सध्या ते कंपनीला शहरात आणण्यासाठी काढलेल्या कक्षाचे उपप्रमुख होते. बारा हजार नोकऱ्या देणारं मुख्यालय. नऊ शहरांनी अर्ज केले होते, चार उरली होती. उद्या दहा वाजता कंपनीची तीन माणसांची समिती नगरभवनात येणार होती आणि त्यांच्यासमोर हे टेबल मांडायचं होतं.

"ताई कुठंय?"

"तुझ्या मागे," वन्सं म्हणाल्या. त्या लेथ मशीनपाशी उभ्या राहून चहा पीत होत्या. पन्नाशीच्या, उंच, केसांत नेहमी लाकडाचा भुसा. वडील गेल्यापासून नऊ वर्षं वर्कशॉप त्याच चालवत होत्या. "खोक्यात काय आणलंस? मिठाई असेल तर वर ने. इथे मुंग्या नकोत."

साहेबांनी खोकं उघडलं. आतून दीड फूट उंचीचा प्लॅस्टिकचा मनोरा निघाला. निळसर, काचेसारखा, पोटात बारीक दिवे. खाली वीतभर रुंदीचा चौथरा. त्यांनी बटण दाबलं आणि मनोरा बासष्ट मजल्यांनी उजळला.

"जाहिरातवाल्यांकडून करून घेतलाय. हा मध्ये बसवायचा."

"मध्ये म्हणजे?"

साहेबांनी बोट टेकवलं. जिथे टेकवलं तिथे नखाएवढी एकेचाळीस छपरं ओळीने चिकटवलेली होती, आणि बोट नेमकं सातव्या छपरावर होतं. ते त्यांचंच घर होतं. खाली वर्कशॉप, वर तीन खोल्या. म्हणजे या क्षणी सगळे ज्या छपराखाली उभे होते तेच.

वहिनीने चिमटा खाली ठेवला.

"तिथे घरं आहेत," वन्सं म्हणाल्या.

"नकाशात नाहीत."

"टेबलावर आहेत."

"म्हणूनच आलोय. कापून काढायची आहेत."

*

प्रश्न ९. आपल्या शहरातील लोक बदलाला कसे सामोरे जातात? उदाहरण द्या.

*

वर्कशॉपचे नियम दोनच, आणि दोन्ही तात्यांनी म्हणजे सासऱ्यांनी घालून दिलेले. पहिला: पायाने चालून मोजल्याशिवाय टेबलावर काही ठेवायचं नाही. दुसरा: जे उभं आहे त्याला रंग द्यायचा, जे व्हायचं आहे ते पांढरं ठेवायचं. बघणाऱ्याला फसवायचं नाही. बिल्डर लोक नाराज व्हायचे. त्यांना आपल्याच इमारती रंगीत हव्या असत आणि शेजारच्या सगळ्या पांढऱ्या. तात्या त्यांना दाराबाहेर पोचवून यायचे. अशाने कामं गेली, पण उरली ती टिकली.

आता झालं असं, की महापालिकेचं काम आलं ते सहा आठवड्यांपूर्वी, आणि महापालिकेचा नकाशा आला तो तीन आठवड्यांनी. दुसरं कोणी असतं तर नकाशाची वाट बघत बसलं असतं. वन्संनी टेप उचलला, भाचीला घेतलं आणि चालायला लागल्या. घरापासून सुरुवात, कारण चालायला घरापासूनच सुरुवात करतात. पहिल्याच आठवड्यात गल्ली टेबलावर चिकटली. नकाशा आला तेव्हा त्यात गल्लीच्या जागी, मागच्या पटांगणासकट, पांढरा डाग होता. वन्संनी तो दोनदा उलटासुलटा करून पाहिला, घडी घातली आणि टेबलाच्या डगमगत्या पायाखाली सरकवली.

"नकाशा कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"कामाला लावलाय."

जिन्यावर कोणीतरी फिस्सकन हसलं. ती धाकटी, सर्वांत लहान बहीण, कालच सुटी काढून आलेली. ती राहायची स्पर्धेतल्या दुसऱ्या शहरात, तिथल्या एका हॉटेलच्या स्वागत-टेबलावर कामाला होती, आणि कंपनीची समिती मागच्या आठवड्यात तिच्याच हॉटेलात उतरली होती.

"दादा, एवढा जीव नको काढूस," ती कपातल्या चहात पाव बुडवत म्हणाली. "आमच्या हॉटेलात मांडलेल्या मॉडेलसमोर ती माणसं चाळीस सेकंद उभी होती. त्यातले दहा सेकंद समितीतल्या बाईंनी चष्मा पुसण्यात घालवले."

"काही विचारलं?"

"बाईंनी एकच विचारलं. इथे आत्ता काय आहे? आमच्या शहराचा अधिकारी म्हणाला, काही नाही. त्यांनी लिहून घेतलं आणि जेवायला गेल्या."

"बघा!" साहेब वळले. "एवढंच आहे. चाळीस सेकंद. तेवढ्यासाठी मी कितीदा सांगू? नुसत्या पटांगणात चौथरा मावत नाही, ताई. पटांगण अधिक गल्ली, तेव्हा कुठे बसतो. प्रस्तावात जागा मोकळी लिहिलीय. उद्या टेबलावर घरं दिसली तर मी काय तोंड दाखवू?"

"हेच. दुसरं आहे कुठे तुझ्याकडे?"

"आत्या, बाबांना बोलू तरी दे," लेझर मशीनमागून आवाज आला. ती चिमटी, साहेबांची आणि वहिनीची मुलगी, एकवीस वर्षांची. सहाव्या वर्षापासून हातात चिमटा म्हणून चिमटी. "बाबा, जागा मोकळी असं लिहिलं कोणी?"

साहेब रिकाम्या खोक्याची झाकणं दुमडायला लागले.

"बाबा?"

"मी. नकाशाप्रमाणे लिहिलं."

लेझर मशीन थांबलं. इतका वेळ ते चालू होतं हे ते थांबल्यावर कळलं.

वहिनी फळीवरून उतरली. गुडघे कुरकुरले. नवऱ्याकडे तिने नीट पाहिलं. रात्री ज्या माणसाला घोरतो म्हणून कोपर मारते, तो माणूस. रोज सकाळी गल्लीतून बाहेर पडताना शिंपीणबाईंना 'काय म्हणता' म्हणणारा, छापखानेवाल्याच्या कुत्र्याला शिव्या देणारा. त्याने कागदावर दोन शब्द लिहिले होते, आणि त्या दोन शब्दांत शिंपीणबाई, छापखानेवाला, कुत्रा सगळे बसले होते.

"दादा बरोबर बोलतोय," धाकटी म्हणाली. सगळ्यांना वाटलं होतं ती ताईच्या बाजूने उतरेल. "रागावू नकोस ताई. काय आहे या गल्लीत? जिना असा की तुझे गुडघे गेले, तात्यांचे गेले, आता वहिनीचे चाललेत. पैसे घ्या, नवी जागा घ्या, तिकडे माझ्याजवळ या. मी तिथे एकटी किती दिवस पाहुण्यांच्या चाव्या देत बसू?"

"नवी जागा मिळेलच की," वन्सं थंडपणे म्हणाल्या. "विचार तुझ्या दादाला. गल्लीला काय मिळणार?"

साहेबांनी मनोऱ्याचे दिवे बंद केले.

"आपल्याला मी बघून ठेवलंय," ते म्हणाले. "उत्तरेला. चार खोल्या, लिफ्ट, खाली दुकानाची जागा. आयुक्तांनी शब्द दिलाय."

"आपल्याला," धाकटी म्हणाली. "आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांचं... अगं, जागा मोकळी आहे म्हटल्यावर तिथून कोणाला उठवलं असं होत नाही. कोणी असलंच तर ते अतिक्रमण धरतात. नोटीस जाते."

"एकशे वीस वर्षं जुन्या घरांना?"

"कागदावर नाहीत ना ती!"

"घरपट्टी घेताना असतात."

"मागच्या रस्त्याच्या नंबरात लावतात ती. गल्ली म्हणून नाहीये. मी नाही केलं हे!"

धाकटीने पाव बशीत ठेवला. तिची बाजू बदलली होती. जिन्यावरून उठली आणि वन्संच्या शेजारी जाऊन, लेथला टेकून उभी राहिली. या घरात भांडणात कोण कुठे उभं आहे, हे नेहमी असंच उभं राहून दाखवायचे.

"तुझ्या लग्नातलं माझं पोलकं शिंपीणबाईंनी शिवलं होतं," ती म्हणाली. "दादा, तू त्यांना काय सांगणार? लिफ्टने या?"

*

प्रश्न २७. स्थानिक विरोधाची शक्यता आहे काय?

नाही.

*

साहेबांचा आवाज चढला तो तेव्हा. एरवी शांत माणूस. चढला की फाटायचा.

"मी नाही केलं म्हणतोय! जागा मोकळी मी नाही केली. कोणी केली ते ताईला विचारा. विचारा ना! चिमटे, तुझ्या आत्याला विचार, नगरभवनातलं जुनं मॉडेल कोणी बनवलं?"

"आजोबांनी. सगळ्यांना माहितीय."

"आणि ते किती तुकड्यांत होतं?"

चिमटीने आत्याकडे पाहिलं. आत्या चहाच्या रिकाम्या कपात बघत होत्या.

"दोन," साहेब म्हणाले. "नगरभवनाच्या दारातून आत जाईना म्हणून दोन तुकडे. आणि जोड कुठून जात होता? आपल्या गल्लीवरून. दर वेळी तुकडे जोडले की गल्लीतली चार घरं मोडायची. चार चिकटवली की पाच मोडायची. शेवटी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तात्यांनी काय केलं? सगळी गल्ली खरवडली आणि वर हिरवा रंग मारला. पटांगण वाढवलं! पुढे दप्तराला आग लागली, नकाशे जळाले, आणि नगररचनावाल्यांनी नवा नकाशा काढला तो त्या मॉडेलवरून. मोजायला कोण जातंय? तात्यांचं मॉडेल म्हणजे दगडावरची रेघ. एकतीस वर्षं आपण नकाशात नाही, ते आपल्या बापामुळे. आता सांगा नियम!"

वहिनीला वाटलं, वन्सं म्हणतील खोटं आहे. ती वाट बघत होती. तात्यांनी तिला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, की एक कौल जरी चुकलं तरी माणूस आपलं घर ओळखतो आणि रागावतो. त्या माणसाने फासलेला हिरवा रंग तिला डोळ्यांसमोर आणता येईना.

"छिन्नी माझ्या हातात होती," वन्सं म्हणाल्या. "मी एकोणीस वर्षांची होते. मी म्हटलं, तात्या, जोड सरकवू या ना. ते म्हणाले, दुसऱ्याच्या घरांवर सरकवला तर भांडण होईल. आपली गल्ली आहे, आपण चालवून घेऊ." त्यांनी कप मशीनवर ठेवला. "घरातल्या माणसाला चालवून घ्यायला सांगणं फार सोपं असतं. मग ते कितीतरी दिवस झोपले नाहीत. मग ते नियम झाले. तुला काय वाटलं, नियम आधी होते? नियम त्या हिरव्या रंगानंतरचे आहेत."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"मला माहीत होतं, तात्यांना होतं, आणि तुला होतं. तू दारामागून बघत होतास. आज तिघांपैकी दोघं या खोलीत आहेत. एकाने एकदा खरवडलं ती चूक. दुसऱ्याने परत खरवडायचं, त्याला काय म्हणतात ते तुझ्या प्रस्तावात घाल. पान तीनवर जागा असेल."

साहेबांनी कपाळ पुसलं. मग ते बायकोकडे वळले. वहिनीला ते येणार हे आधीच कळलं होतं, जसं बशी हातातून निसटायच्या आधी कळतं.

"तुझा हात सगळ्यांत साफ आहे," ते हळू आवाजात म्हणाले. जणू खोलीत ते दोघंच होते. "तासाभराचं काम. गल्ली अख्खी निघेल, मोडणार नाही. काचेच्या पेटीत ठेवू घरी. माझी चोवीस वर्षांची नोकरी आहे, अगं. आयुक्तांना मी शब्द दिलाय. तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही मी."

हे काही खरं नव्हतं. पण मागताना असंच म्हणतात.

तिने भिंतीवरून बारीक पात्याची करवत काढली.

"आई!" चिमटी ओरडली.

"ओरडू नकोस. फळी धर."

ती परत फळीवर चढली, पालथी झाली. गल्ली तिच्या हनुवटीखाली होती. गल्ली अजून कच्च्या लाकडाचीच होती, बदामी. रंग वहिनीच्या खात्यात आणि तिने तो शेवटासाठी ठेवला होता. आवडीचा घास शेवटी ठेवतात तसा. करवतीचं पातं तिने पहिल्या घराच्या कोपऱ्याला लावलं. ते शिंपीणबाईंचं घर, पुढे ताडपत्रीचं छत. तिसऱ्या घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी. ती चिमटीने शर्टाच्या बटणातून कापली होती. पाचवा छापखाना. त्याच्या मागे पत्र्याचा आडोसा, तिथे नर्सबाई ड्यूटीवरून आल्यावर पाय वर करून बसायच्या. आडोसा मॉडेलवर घ्यायचा की नाही यावरून वन्सं आणि चिमटी अर्धा दिवस भांडल्या होत्या. घेतला होता. सातवं आपलं. वरच्या मजल्याची पूर्वेकडची खिडकी टाचणीच्या डोक्याएवढी. त्या खिडकीत ती लग्न होऊन आली त्या संध्याकाळी उभी राहिली होती, आणि खालून अनोळखी माणसांनी वर बघून हात केला होता. तिने लाजून पडदा ओढला होता. दुसऱ्या दिवसापासून ओढला नाही.

पातं जागचं हललं नाही.

"अहो," ती वर न बघता म्हणाली. "तुम्ही त्या खोलीत किती वर्षं झोपलात?"

"आता हे काय मध्येच?"

"सांगा ना."

"जन्मल्यापासून. अठ्ठेचाळीस."

"मग तुम्ही जमिनीवरच झोपत होतात तर. उघड्यावर. बरं झालं कळलं, मी आपली उगाच गाद्यांना ऊन दाखवते."

धाकटीने हसू यायच्या आत ओठ मिटले.

वहिनीने करवत बाजूला, नदीत ठेवली. "चिमटे, लाल ऑक्साइड दे. आणि तीन नंबरचा ब्रश. नको, शून्य दे. कौलं मोजता आली पाहिजेत."

"काय करतेयस तू?" साहेब म्हणाले.

"जे उभं आहे त्याला रंग देते."

"उद्या मला सगळ्यांसमोर..."

"हो. उद्या तुम्हाला सगळ्यांसमोर," ती म्हणाली. तिने मनगट फळीच्या कडेला टेकवलं आणि पहिलं कौल लाल केलं. "मी कापायला नाही म्हणत नाही हो. कापते. तुम्ही आधी एक करा. गल्लीत जा. पहिल्या दारापासून एकेचाळिसाव्यापर्यंत. प्रत्येक दार वाजवा आणि सांगा, मी तुम्हाला मोकळी जागा लिहिलंय. सगळ्यांना सांगून आलात की मी करवत उचलते. चालून आल्याशिवाय या टेबलावर काही बदलत नाही. माझा नाही, घरचा नियम आहे."

साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. वन्सं, धाकटी, चिमटी लेथपाशी ओळीने उभ्या. साहेबांच्या बाजूला फक्त मनोरा. ते खोकंसुद्धा न उचलता बाहेर पडले. दार आपटलं नाही. ते आपटलं असतं तर वहिनीला बरं वाटलं असतं.

खिडकीतून चिमटी बघत होती.

"गल्लीत वळले का?" वहिनीने विचारलं.

"नाही. ऑफिसकडे गेले."

"बरं. हिरवा दे मग, छत रंगवू."

थोड्या वेळाने चिमटी म्हणाली, "आत्या, मनोरा अजून व्हायचाय ना?"

"अजून होकारसुद्धा नाहीये."

"मग तो रंगीत कसा?" आणि तिने मनोरा मागच्या अंगणात नेला, त्याचे सेल काढले आणि बासष्टच्या बासष्ट मजल्यांवर पांढऱ्या प्रायमरचा फवारा मारला. वन्सं दारातून बघत होत्या. "खालून पण मार," त्या म्हणाल्या. "चौथरा राहिला."

*

सोमवारी दहा वाजता नगरभवनात नवे पडदे होते, नवी फुलं होती. आयुक्तांचा सूट नवा होता. टेबल तिथेच जोडलं, या वेळी चार तुकड्यांत. चारही जोड रस्त्यांवरून गेले, एकाही घरावरून नाही. गल्ली मधोमध होती, लाल कौलांची, हिरव्या छताची, तिसऱ्या गच्चीवर पांढरं बटण. पांढरा मनोरा वहिनीने मांडीवर घेतला होता. तिला, वन्संना आणि चिमटीला भिंतीपाशी खुर्च्या दिल्या होत्या, 'कारागीर' अशी चिठ्ठी लावून. धाकटी बाहेर उभी होती. दुसऱ्या शहराच्या माणसाला आत परवानगी नव्हती.

साहेब काल संध्याकाळी जेवायला आले नव्हते. रात्री उशिरा आले, पहाटे गेले. आता ते आयुक्तांच्या मागे उभे होते, हातात फाईल. त्यांनी टेबलाकडे एकदा पाहिलं, मग छताकडे.

समितीतल्या बाई पुढे आल्या. धाकटीने सांगितलं होतं तशाच, चष्मा पुसत. मागे दोघे पुरुष. आयुक्त बोलायला लागले: विमानतळ, नदी, निरभ्र आकाश. बाई ऐकत टेबलाभोवती फिरल्या. चाळीस सेकंद होऊन गेले. एक मिनिट झालं.

"आमची इमारत कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

वहिनी उठली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती पुढे गेली आणि तिने मनोरा बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो घेतला, कारण कोणी काही हातात दिलं की माणूस घेतो.

"तुमचीच आहे," वहिनी म्हणाली. "अजून व्हायची आहे म्हणून पांढरी. तुम्हीच ठेवा."

बाईंनी मनोरा टेबलावर धरला. मोकळी जागा शोधत त्यांचा हात पटांगणावर आला, सरकला, कौलांवर येऊन अधांतरी थांबला. ठेवला असता तर खालची घरं मोडली असती; सगळ्यांनाच दिसत होतं. बाईंनी फाईलचं पान उलटलं.

"उत्तर चौदामध्ये 'मोकळी जागा' लिहिलंय. इथे सध्या काय आहे?"

आयुक्त हसले. "मॉडेलवाल्यांची चूक आहे, मॅडम. हौशी लोक. आमचे उपप्रमुख सांगतील." त्यांनी मागे न बघताच बोटांनी खूण केली. "सांगा हो."

साहेब पुढे आले. वहिनीला त्यांचे बूट दिसले. बुटांवर धूळ होती. नगरभवनाच्या पायऱ्यांवरची नव्हे, पिवळी, खडबडीत, जी फक्त गल्लीच्या मागच्या पटांगणात असते. मग तिने त्यांच्या उजव्या हाताची बोटं पाहिली. दार वाजवून वाजवून सोलवटलेली. त्या पहाटे ते कुठे गेले होते हे तिला तेव्हा कळलं.

"चूक आहे," साहेब म्हणाले. "पण मॉडेलमध्ये नाही, नकाशात. एकतीस वर्षांपूर्वीची. माझ्या वडिलांनी केली, आणि मागच्या महिन्यात मी परत केली." ते थांबले. आवाज फाटणार असं वहिनीला वाटलं, पण फाटला नाही. "जागा मोकळी नाही. एकेचाळीस घरं आहेत. सातव्यात मी राहतो. आज सकाळी मी सगळ्यांना विचारून आलो, मॅडम. कोणीही उठणार नाही."

आयुक्तांनी त्यांच्या दंडाला धरलं. साहेबांनी दंड सोडवून घेतला, फाईल टेबलाच्या कडेवर ठेवली आणि चालत येऊन भिंतीपाशी, 'कारागीर' लिहिलेल्या खुर्च्यांच्या शेजारी, वन्संच्या बाजूला उभे राहिले.

बाईंच्या हातात मनोरा तसाच होता.

दोन वर्षांनी निघालेल्या शहराच्या नव्या नकाशात गल्ली आहे, पण तिची रुंदी नऊ फूट दिली आहे. ती अकरा आहे.